शुक्रवारची वाळवणं

आमच्या बिल्डिंगीत कुरडया फक्त शुक्रवारी घालतात, हे मला कळलं ते पातेलंभर गव्हाचा चीक मातीत घातल्यावर.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या अलीकडे, वन रूम किचन घेऊन आलो होतो. एजंट म्हणाला होता, "शुक्रवारी या, निवांत दाखवतो." आम्ही शुक्रवारी गेलो. खिडकी उघडली, लांबवर मिठागरं दिसली, खाडीवरून गार वारा आला. घर विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "हवा छान आहे हो इथली." मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि वर सगळ्यांची मिळून भलीमोठी गच्ची. गिरगावात मी पापड वाळवले ते गॅलरीच्या कठड्यावर, परातीत, कावळ्यांवर नजर ठेवून. गच्ची बघितल्यावर मी घराचं बाकी काही नीट बघितलंच नाही.

पहिल्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी, जुनं धुतलेलं लुगडं अंथरून मी कुरडया घातल्या. संध्याकाळी काढायला गेले तर पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर बारीक काळी कणी. फुंकून जाईना. पुसली तर पसरली आणि बोटाला ग्रीससारखी चिकटली. मी तिथेच फतकल मारून बसले आणि चक्क रडले. तेवढ्यात समोरच्या वहिनी कपडे काढायला वर आल्या.

वहिनी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माहेर पेणचं, त्यामुळे पापडाच्या कामात त्यांचा हात कोणी धरायचा नाही. त्यांनी एक कुरडई उचलून बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं वेडे, मंगळवारी कशाला घातल्यास? इथे वाळवणं शुक्रवारी. शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते."

कंपनी म्हणजे आमच्या मागच्या भिंतीपलीकडचा कारखाना. भंगार लोखंड वितळवून सळ्या ओढायचे. बिल्डिंगीतल्या बायकांनी त्याच्याशी आपलं वेळापत्रक जुळवून घेतलं होतं. तिन्हीसांजेला केर काढू नये, शनिवारी तेल आणू नये, तसं शुक्रवार सोडून वाळवण घालू नये. का, ते कोणी विचारायचं नाही. शुक्रवारी मात्र सकाळी आठलाच गच्ची भरायची. आमचे उडदाचे पापड, दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभींचे तांदळाचे खिचिया पापड, कोणाच्या सांडगी मिरच्या, कोणाचं लोणच्याचं मीठ. पाय ठेवायला जागा नसायची.

माझी जीभ काही गप्प बसणारी नाही. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्याच क्षणी विचारलं, "पण वहिनी, बाकीचे सहा दिवस हे आपण नाकातून आत ओढतोय, त्याचं काय?"

वहिनी हसल्या. "तेवढं चालायचंच. खायच्या वस्तूवर पडू नये म्हणजे झालं."

मी पण हसले तेव्हा. हसू गेलं ते त्याच वर्षी दिवाळीनंतर. माझी मुलगी सहा वर्षांची होती. रात्री झोपली की तिच्या छातीतून मांजराचं पिल्लू म्याव करावं तसा आवाज यायला लागला. डॉक्टर म्हणाले, बाळदमा. पंप दिला. शाळेच्या दप्तरात डबा, पाण्याची बाटली आणि पंप. धावायचं नाही, हसायचं पण बेतानं, कारण जास्त हसली की खोकायची. एवढ्याशा पोरीला "हळू हस गं" म्हणायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत. डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ काही आहे का धुराचं?" मी म्हटलं, "आहे की! शुक्रवार सोडून रोज आहे."

मग मी हात धुऊन मागे लागले. ठाण्याच्या प्रदूषणाच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथला साहेब सरळ बोलला. "बाई, तक्रारीनं काही होत नाही. मोजमाप लागतं. हवा मोजली, आकडा मर्यादेच्या वर आला, तर कंपनीला धुराड्यावर धूळ पकडणारं यंत्र बसवायला लावता येतं. आकडा नाही, तर काही नाही." माझ्या पोरीच्या छातीतला आवाज त्यांना चालत नव्हता. आकडा पाहिजे होता. ठीक आहे, म्हटलं, आकडा घ्या.

वर्षभर खेटे घातले तेव्हा एकदाचं हवा मोजायचं यंत्र आमच्या गच्चीवर आलं. पत्र्याची उभी पेटी, वर देव्हाऱ्यासारखं उतरतं छप्पर. आत मोटर. त्यात एक पांढरा कागद लावायचा, आधी तोलून आणलेला. मग चोवीस तास ती पेटी घूं घूं करत हवा ओढते आणि हवेतली धूळ कागदावर बसते. कागद परत तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. इतकं सोपं. यंत्र घेऊन येणारा माणूस पन्नाशीचा होता, जाड भिंगांचा चष्मा, हळू बोलणारा. आठवड्यातून एक दिवस, उन्हाळा संपेपर्यंत येणार होता. वार ठरला मंगळवार. कुरडयांचा सूड, म्हटलं, मंगळवारीच उगवू दे.

पहिल्या मंगळवारचा कागद त्याने काढला तेव्हा मी शेजारी उभी होते. पांढरा कागद काळाकुट्ट. चुलीवरच्या तव्याची मागची बाजू परवडली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, "दादा, आता?" तो म्हणाला, "तोलल्याशिवाय मी काही बोलत नाही ताई." पण बोलताना त्याने एकदा मागच्या धुराड्याकडे बघितलं, आणि मला जे कळायचं ते कळलं. खाली येऊन मी वहिनींना मिठीच मारली. त्यांच्या डोळ्यांत पण पाणी आलं होतं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

दुसरा मंगळवार तसाच. तेवढ्यात मुलीची परीक्षा संपली आणि डॉक्टर म्हणाले, हिला महिनाभर गावी न्या. आमचं गाव रत्नागिरीकडे. मला जायचं नव्हतं, माझा जीव त्या पेटीत अडकला होता. वहिनींनीच मला ढकललं. "तू जा गं पोरीला घेऊन. गच्चीची चावी माझ्याकडे दे. तो माणूस आला की उघडून देते, चहा देते. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास नाही? अहो, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तीन आठवडे माझ्या मुलीचं सगळं वहिनींनी केलं होतं. वेणी, डबा, अभ्यास. तिच्या शाळेच्या डायरीत पालकांच्या जागी सहीसुद्धा त्याच करायच्या, गोल गोल अक्षरांत, खाली एक लांब रेघ ओढून. सेक्रेटरींकडून यंत्रासाठी मागून घेतलेली चावी मी त्यांच्या हातात दिली. वर सांगितलं पण, "वहिनी, मंगळवार विसरू नका हं."

गावी मुलगी आठ दिवसांत पळायला लागली. आंब्याच्या झाडावर चढली, पडली, गुडघा फोडून घेतला. मी तिला ओरडले नाही. बरं वाटलं मला, मेलं गुडघा फुटला म्हणून बरं वाटणारी मी पहिलीच आई असेन. पंप पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही.

जूनमध्ये परत आलो. शाळा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी मांजराचं पिल्लू पुन्हा छातीत. मी म्हटलं, थोडेच दिवस बाळा, रिपोर्ट येऊ दे. आणि रिपोर्ट आला. खालच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी तो प्लास्टिकमध्ये घालून लावला होता. मी एक ओळ चार वेळा वाचली. धूलिकणांचं प्रमाण मर्यादेत. हवा समाधानकारक.

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडलं आणि तडक ठाणं गाठलं. तो चष्मेवाला तिथेच टेबलाशी बसून कागदांच्या पाकिटांवर काहीतरी लिहीत होता. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कंपनीने तुला विकत घेतलं, तुला पोरंबाळं नाहीत का, तुझं तळपट होईल, इथपर्यंत गेले. आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. तो मात्र खुर्चीवरून हलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "ताई, बसा. पाणी घ्या." मग एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

फाइलीत तारखा होत्या आणि तारखेसमोर वार. पहिले दोन मंगळवार. त्यांच्यावर तिरकी रेघ. त्यानंतर खालपर्यंत सगळे शुक्रवार.

"शुक्रवार?" मी फाइल जवळ ओढली. "शुक्रवारी कंपनी बंद असते हो!"

"ते मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला हे पत्र आलं." त्याने पान उलटलं. आमच्या सोसायटीचा कागद, वर आमच्या सोसायटीचं नाव. मंगळवारी रहिवाशांचा गच्चीवर वावर असतो, शुक्रवारी गच्ची पूर्ण मोकळी असते, तरी यंत्र शुक्रवारी लावावं. शिवाय मागच्या दोन मंगळवारी गच्चीवर डांबरकाम चालू होतं, ते आकडे धरू नयेत.

डांबरकाम! आमच्या गच्चीने जन्मात डांबर बघितलं नव्हतं. आणि शुक्रवारी गच्ची मोकळी?

"मोकळी कुठली," तो माणूस म्हणाला. त्याला पण आता काहीतरी कळत होतं. "पापडच पापड असायचे. पापडांमधून वाट काढत मी पेटीपर्यंत जायचो. मला वाटलं, या आठवड्यात असेल काही. तुमच्या समोरच्या वहिनी दर वेळी ओले पापड तेल लावून खायला द्यायच्या. फार अगत्याच्या बाई."

पत्राखाली तीन सह्या होत्या. चेअरमन. सेक्रेटरी. आणि कमिटीत बायकांची म्हणून जी एक जागा असते तिच्यावर वहिनी होत्या, त्यांची. गोल गोल अक्षरं, खाली लांब रेघ. मुलीच्या डायरीतली सही.

मी त्या माणसाची माफी मागितली की नाही, ते मला आठवत नाही. मागायला हवी होती.

घरी आले ती चप्पल न काढता समोरच्या दारात उभी राहिले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. माझा चेहरा बघितला आणि सूप खाली ठेवलं. मी एवढंच म्हणाले, "वहिनी, केसानं गळा कापलात तुम्ही माझा."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "बस," म्हणाल्या. मी बसले नाही. मग त्या उभ्या राहून बोलायला लागल्या. सेक्रेटरींनी मीटिंग घेतली होती. ते म्हणाले, रिपोर्ट खराब आला तर पेपरात येणार, मग या लाइनीत कोणी घर घेणार नाही, बँक कर्ज देणार नाही. "देखो बेन, हवा तो दिखती नहीं, रेट दिखता है," असं म्हणाले म्हणे. कारखान्याचा माणूस मीटिंगला आला पण नव्हता. कोणी धमकी दिली नाही, कोणी काही देऊ केलं नाही. आमच्याच माणसांनी, आमच्याच जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून ठरवलं. कुंपणानेच शेत खाल्लं.

"माझ्या मुलाचं लग्न काढायचंय," वहिनी म्हणाल्या. "एवढ्याशा जागेत कुठे राहणार सून? हे घर विकूनच मोठं घेता येईल. आमच्याकडे दुसरं आहे काय गं? तुझी पोर मला माझीच आहे. पण अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत इथे."

"आणि अठ्ठावीस बिऱ्हाडांची नाकं? ती कुठे ठेवलीत?"

वहिनींनी खाली बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मलाच एकटीला बोलतेस. तुझ्या ह्यांना विचार. ते होते मीटिंगला."

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. मी चहा ठेवला नाही. विचारलं. ह्यांनी बॅग खाली ठेवली, घड्याळ काढलं, पुसलं, परत घातलं. म्हणाले, "मी सही केली नाही."

"विरोध केलात?"

"सगळे एका बाजूला होते."

"अहो, मी विचारतेय, तोंड उघडलंत का?"

"राहायचंय ना इथेच," हे म्हणाले. "चार माणसांत." आणि मग, "तू एवढी आनंदात होतीस गावी. फोनवर सांगायचं जिवावर आलं."

म्हणजे दर रविवारी मी गावच्या बूथवरून फोन करून विचारत होते, मंगळवारचा कागद काळा आला का, आणि हे म्हणत होते, "हो, चाललंय काम." वहिनींचा राग मी करू शकत होते, त्या शेवटी परक्या. ह्यांचं काय करायचं? त्या दिवशी मी खूप बोलले, भांडी आपटली, मुलगी घाबरून बाहेरच्या खोलीत खोकायला लागली तेव्हा गप्प झाले. पंप शोधून दिला तो ह्यांनीच.

मी परत अर्ज केला. उत्तर आलं, मोजणी नुकतीच झालेली आहे. एक खरा कागद मिळवायला मला वर्ष लागलं होतं, आणि एका खोट्या कागदाने पुढची दारं बंद करून टाकली. शुक्रवारी गच्ची भरत राहिली. मी वाळवण घालायचं सोडलं. वहिनी दर उन्हाळ्यात पापडांचा डबा माझ्या दारात ठेवायच्या, मी तो तसाच त्यांच्या दारात नेऊन ठेवायची. आमच्यात एवढीच काय ती देवाणघेवाण उरली. गंमत म्हणजे वहिनींचं घर काही विकलं गेलं नाही. मुलगा लग्न करून परस्पर वसईला राहायला गेला.

मुलगी अकरा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिला दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "आता जागा बदला. औषधं वाढवून उपयोग नाही." ह्या वेळी हे लगेच हो म्हणाले. मीरा रोडला, स्टेशनपासून लांब, पण कारखान्यापासूनही लांब, एक जुनं घर बघून ठेवलं. फक्त आधी हे विकायला पाहिजे होतं. ते विकलं तरच ते घेता येणार होतं, नाहीतर पोरगी आणखी एक हिवाळा इथेच.

एजंट दोन गिऱ्हाइकं घेऊन आला. दोघांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि फोन करतो म्हणून गेले. तिसऱ्यांदा एजंटने फोन केला. म्हणाला, "पार्टी चांगली आहे, नवरा-बायको आणि लहान बाळ. कधी आणू?"

मी म्हणाले, "शुक्रवारी आणा."

ते शब्द माझ्याच तोंडातून गेले. हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

शुक्रवारी सकाळी मी खिडक्यांचे गज तीन वेळा पुसले. मुलीला ह्यांच्याबरोबर बागेत पाठवलं, तिचा खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. पंप कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. एजंटबरोबर ते नवरा-बायको आले. बायको पंचविशीची असेल, दादरच्या चाळीतून आलेली, कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. एजंटने खिडकी उघडली, खाडीवरून गार वारा आला. एजंटने खालच्या बोर्डावर अजूनही लावलेला तो रिपोर्ट पण त्यांना दाखवून आणला होता. हवा समाधानकारक.

समोरचं दार उघडं होतं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात पापडांची परात, गच्चीवर निघालेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकींकडे नीट बघितलं. त्यांनी परात सावरली. मला वाटतं, मी काय करतेय ते त्या बिल्डिंगीत त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नसेल.

त्या पोरीने परातीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. बाळाला दुसऱ्या कडेवर घेत तिने मला विचारलं, "काकू, गच्चीवर वाळवणं घालता येतात?"

"येतात की," मी म्हणाले. "सगळ्याच घालतात."

कुठल्या वारी, ते मी सांगितलं नाही.